उपयोगाच्या आडोशाने

गोधडीवर लिहायला बसले की मराठी लेखणी लगेच ओली होते. आजीच्या लुगड्याची ऊब, आईच्या पातळाचा वास, मायेचे टाके हे शब्द इतके वापरून झाले आहेत की त्यांतून आता गोधडी दिसत नाही, फक्त पांघरणाऱ्याची हळहळ दिसते. आपले बहुतेक लेखन पांघरणाऱ्याच्या बाजूने झालेले आहे. शिवणारीला त्या शिवण्यातून काय मिळत होते आणि आज हौसेने सुई हाती घेणाऱ्याला काय मिळते, हे विचारण्याची फारशी कोणाला गरज वाटलेली नाही. पुढच्या प्रकरणांत कापड निवडणे, थर लावणे, टाचणे, दोरा घालणे, काठ बंद करणे ही सगळी कृती क्रमाने आलेली आहे. ही प्रस्तावना त्या राहून गेलेल्या प्रश्नापुरती आहे. माझे म्हणणे असे की ऊब, बचत, शोभा, मनाची शांतता हे सगळे शिवणारीला मिळते खरे, पण ते दुय्यम आहे. तिच्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे स्वतः घेतलेले निर्णय टिकून राहतात असे एक काम तिच्या हाती लागते. आणि ते हाती लागते याचे कारण गोधडी ही उपयोगाची वस्तू आहे. उपयोगाच्या आडोशाने शिवणारी स्वतःचे काम करून घेते.

हे पटवून द्यायचे तर आधी घरकामाचा स्वभाव पाहिला पाहिजे. भाकऱ्या थापल्या की खाल्ल्या जातात, भांडी घासली की पुन्हा खरकटी होतात, सारवलेल्या अंगणावर संध्याकाळपर्यंत पावले उमटतात, धुणे वाळले की मळायला मोकळे. ही कामे बिघडली तर सगळ्यांना दिसतात आणि नीट झाली तर कोणालाच दिसत नाहीत. चाळीस वर्षे राबलेल्या बाईकडे त्या राबण्याचा दाखला म्हणून दाखवण्यासारखे काही नसते. लोणची-पापड थोडे टिकतात, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बरणी रिकामी होतेच. या सगळ्यात गोधडीचे तेवढे वेगळे. आज दुपारी चार ओळी घातल्या तर उद्या दुपारी त्या तिथेच असतात आणि पाचवी ओळ त्यांच्या शेजारी बसते. काम साचत जाते, मोजता येते, आणि संपते. ‘झाले’ असे म्हणता येण्याजोगे काम घरात किती असते, याचा विचार केला की या शेवटच्या क्रियापदाचे वजन कळेल. शिवाय हे काम वर्षातून एकदा चारचौघांत जाते. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची चाल महाराष्ट्रात गावोगाव आहे. ओली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून पिळतात आणि काठावरच्या खडकांवर, झुडपांवर ती वाळत घालतात. एरवी माजघरात घडी होऊन पडलेले काम त्या दिवशी सगळ्या गावासमोर उलगडलेले असते, आणि कोणाचा दोरा सरळ चालतो, कोणी काठाला लाल पट्टी लावली, कोणाचे ठिगळ उठून दिसते, हे बायका बरोबर पाहून ठेवतात. ज्या काळात स्त्रीच्या हातच्या कामाला असे उघड्यावर येण्याची संधी क्वचितच मिळे, त्या काळात नदीकाठ हेच त्याचे प्रदर्शन होते.

निर्णय हा शब्द मी वापरला, तो मोठा वाटू नये म्हणून प्रत्यक्ष काम पाहू. जुने सुती कापड धुऊन, उसवून, सपाट पसरतात. खाली एक धड कापड, मध्ये विरलेले तुकडे, वर पुन्हा धड कापड. चार कोपऱ्यांवर वजन ठेवून ताण धरायचा, लांब-लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकत्र टाचायचे आणि मग कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे सरकायचे. गोधडी गरम राहते ती थराथरांत अडकलेल्या हवेमुळे. टाके फार विरळ पडले तर पहिल्याच धुण्यात आतल्या चिंध्या सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. फार दाट पडले तर थर दाबले जातात, हवा कमी होते आणि पांघरूण ताठर बनते. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचे, हे कापडाची जाडी आणि पांघरणारे माणूस पाहून शिवणारी ठरवते. तान्ह्याच्या दुपट्याला दोनच थर पुरतात आणि तिथे सगळ्यांत जास्त धुतलेले, म्हणजे सगळ्यांत मऊ कापड लागते. म्हाताऱ्या माणसाच्या गोधडीला थर वाढवावेत तर ती जड होते, आणि झोपेत कूस बदलताना ओढवत नाही. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडीवर अर्ध्या इंचाच्या अंतराने ओळी घातल्या तर दोऱ्याची वाट ८४० फूट भरते. वरचा टाका पाव इंचाचा आणि मधली जागाही तेवढीच धरली तर वीस हजारांवर टाके होतात. हा हिशेब कौतुकासाठी दिलेला नाही. वीस हजार वेळा सुई खाली जाऊन वर येते तेव्हा प्रत्येक वेळी ती कुठे वर काढायची हे त्या हाताने ठरवलेले असते, आणि ते ठरवणे कापडावर तसेच्या तसे राहते, एवढेच मला दाखवायचे आहे. यंत्राच्या शिवणीत एकदा मांडणी केली की पुढचे ठरलेले असते. हातशिवणीत प्रत्येक वेळी नवे ठरवावे लागते.

यावर पहिला आणि सगळ्यांत रास्त आक्षेप असा की हे सुखवस्तू माणसाचे तत्त्वज्ञान आहे. गोधडी अभावातून आली. ज्यांना रुईची दुलई किंवा सोलापुरी चादर परवडत नव्हती त्यांनी फाटक्या कपड्यांतून पांघरूण उभे केले. त्यात निवड कुठली आणि हक्क कुठला? पाहुणा आला की गोधडी आत सरकवून रजई बाहेर काढणारी घरे पुष्कळ होती, हेही खरे आहे. चिंध्यांनी बनलेले वस्त्र अंगावर वागवणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, त्या नावात आदर होता तसा दारिद्र्याचा शिक्काही होता. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. गोधडी का शिवली गेली, याचे उत्तर गरज हेच आहे. पण ती तशी का शिवली गेली, याचे उत्तर गरजेत सापडत नाही. थर गरजेपोटी येतात, टाके गरजेपोटी येतात. मध्यावरचा चौकोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले सारख्या रंगाचे तुकडे, निळ्यापाशी मुद्दाम ठेवलेला पिवळा हे काही थंडी अडवत नाहीत. पोट भरण्याइतकीच सवड असलेल्या घरातही हे जास्तीचे काम झालेले दिसते. गरजेने जेवढे मागितले त्याच्यावर जे केले गेले, ते शिवणारीचे स्वतःचे. माझे सगळे म्हणणे त्या वरकड कामापुरते आहे.

या वरकडाचे मला सगळ्यांत बोलके वाटणारे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्यांचे हे वंशज, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या गोव्यातून निसटून या जंगलात आले. त्यांच्या बायका शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. शिवण एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने फिरत आत येते. तुकडे आधीपासून मापात कापून ठेवलेले नसतात, जिथे जो बसेल तो तिथे, आणि काय बसेल हे त्या-त्या क्षणी ठरते. सगळे झाल्यावर चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची लहानशी त्रिकोणी फुले लावतात. या फुलांनी ऊब वाढत नाही आणि मजबुतीही येत नाही. तरी ती नसली तर कवंदी नागडी वाटते, असे शिवणाऱ्या सांगतात, आणि हेन्री ड्रूअल या अमेरिकी कला-अभ्यासकाने ते नोंदवून ठेवले आहे. ख्रिस्ती सिद्दींच्या कवंदीत क्रूस येतो, मुसलमान सिद्दींच्या कवंदीत चंद्रकोर. हातात फाटक्या कपड्यांशिवाय काही नसलेल्या समाजाने आपण कोण हे त्याच फाटक्या कपड्यांत सांगितले आहे. बंगालची नक्षीकांथा याच्या आणखी पुढे जाते. तिथे जुन्या साडीच्या काठांतून उसवलेल्या दोऱ्याने पाने, हत्ती, पालख्या, गोरे शिपाई असे सगळे भरतात. गुरुसदय दत्त यांनी जमवलेल्या आणि आता कोलकात्याजवळ जोका येथे असलेल्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी केलेली कांथा आहे, आणि तिच्यावर तिने स्वतःचे नाव टाक्यांनी लिहिले आहे. ज्या समाजात स्त्रीचे नाव कागदावर यायला कारण मिळत नसे, तिथे ते पांघरुणावर आले.

आता उपयोगाच्या आडोशाचा मुद्दा. भर दुपारी बाई पुस्तक वाचत बसली, चित्र काढत बसली किंवा नुसतीच खिडकीशी बसली तर घरातल्या कोणाला ना कोणाला ते खुपते. तीच बाई मांडीवर गोधडी घेऊन बसली तर कोणी काही म्हणत नाही, कारण ती काम करते आहे. हातात सुई असली की बसण्याला, गप्प राहण्याला, शेजारणीशी तासभर बोलण्यालाही परवानगी मिळते. या सवलतीचा इतका पुरेपूर उपयोग इतिहासात क्वचितच कोणी केला असेल जितका १९४२ साली सिंगापूरच्या चांगी तुरुंगातल्या बायकांनी केला. फेब्रुवारीत जपान्यांनी सिंगापूर घेतल्यावर युरोपीय नागरिक तिथे कोंडले गेले. बायका-मुले एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. नवरा जिवंत आहे की नाही हे कळण्याची सोय नव्हती. एथेल मुल्व्हॅनी या कॅनेडियन बाईने गोधड्यांची कल्पना काढली. प्रत्येकीने कापडाचा एक चौकोन भरायचा, त्यावर आपले नाव घालायचे, आणि अशा ६६ चौकोनांची एक गोधडी जोडायची. अशा तीन झाल्या. जखमी सैनिकांसाठी पांघरूण, आणि तेही एक ब्रिटिशांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी, एक जपान्यांसाठी, असे म्हटल्यावर पहारेकऱ्यांना नाही म्हणायला जागा राहिली नाही. गोधड्या इस्पितळात पोचल्या आणि त्यांच्यावरची नावे वाचणाऱ्यांना कळले की अमुकतमुक बाई जिवंत आहे. पत्राला बंदी होती, पांघरुणाला नव्हती. हे टोकाचे उदाहरण आहे हे मला मान्य आहे, पण त्यातली युक्ती घराघरांतली आहे. पांघरूण शिवायला कोण आडवे येणार?

ही केवळ बायकांची गोष्ट नाही, एवढे जाता जाता नोंदवतो. क्रिमियन युद्धाच्या काळात ब्रिटिश लष्करी इस्पितळांत बरे होत पडलेले सैनिक गणवेशाच्या लोकरी कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवत, आणि असा एक सैनिक खाटेवर बसून शिवतो आहे असे तैलचित्रही त्या काळात काढले गेले. अंथरुणाला खिळल्यामुळे ज्याच्या हातून सगळे निर्णय गेले होते, त्याच्याही हातात हे काम आले.

माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि गोधडीचा विचार त्याच्याशिवाय पुरा होत नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात विल्कॉक्स परगण्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या शेतमजुरांच्या वंशजांची. तिथल्या मिझुरी पेटवे या बाईचा नवरा वारल्यावर १९४२ मध्ये तिने त्याचे शेतावर वापरलेले कपडे उसवून एक गोधडी शिवली. मुलीने पुढे सांगितले की वडिलांची आठवण राहावी आणि त्यांच्या मायेखाली निजता यावे म्हणून आईने ती केली. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. गुडघ्यावर विटलेले, खिसा उसवल्याने त्या जागी गडद राहिलेले कापड तिने लपवलेले नाही. भावनेचे हे उदाहरण मी मुद्दाम उशिरा घेतले, कारण इथे पुन्हा हळहळीकडे घसरण्याचा धोका आहे. मला त्यात दिसते ते असे: मृत्यूत जिवंत माणसाला काहीच ठरवता येत नाही. नवरा कधी जाणार, कसा जाणार, यात तिचे काही चालले नाही. उरलेल्या कपड्यांत मात्र तिचे चालले. कुठली बाही कुठे यावी, पँटचा लांब तुकडा उभा लावावा की आडवा, हे तिने ठरवले. शोकाला हाताशी असे काही काम मिळाले की तो संपतो असे मी म्हणत नाही. त्याला एक आकार मिळतो, आणि तो आकार दुसऱ्या कोणी नेमून दिलेला नसतो.

गीज बेंडचीच आणखी एक हकिकत माझ्या म्हणण्याला सगळ्यांत घट्ट आधार देते. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या दिवसांत, त्या परगण्यातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था उभी केली. न्यूयॉर्कच्या बाजारात गोधड्या विकल्या जाऊ लागल्या. १९७२ मध्ये सिअर्स या बड्या कंपनीने कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे करून देण्याचे कंत्राट दिले. नियमित पैसा आला, जो त्या बायकांना फार मोलाचा होता. पण मालाला माप होते, नमुना होता, एक अभ्रा दुसऱ्यासारखाच हवा होता. कापून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायका घरी नेत, आणि घरी त्या तुकड्यांतून ज्या गोधड्या झाल्या त्या त्या वस्तीतल्या सगळ्यांत धीट गोधड्यांपैकी आहेत. वाकड्या पट्ट्या, मध्येच मोडलेल्या रेषा, अंगावर येणारे सोनेरी, शेवाळी, तांबडे रंग. तीच बाई, तेच कापड, तीच सुई. दिवसा मापाने शिवायचे आणि रात्री आपल्या मनाने. शिवणकाम मुळातच समाधान देते असे असते तर दिवसाच्या कामाने ती गरज भागायला हवी होती. भागली नाही, कारण दिवसाच्या कामात तिला ठरवायला काही नव्हते. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत या गोधड्या लागल्या, आणि समीक्षकांनी मातीस व पॉल क्ले यांची नावे घेतली. चित्रकारांच्या पंक्तीत बसवल्याशिवाय आपण शिवणाऱ्या बाईला पान वाढत नाही, ही खोड जगभर सारखी दिसते.

कसब आणि हे समाधान एकच नव्हे, हे उलट बाजूनेही दिसते. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालच्या सातगाव-हुगळी भागात पोर्तुगिजांच्या मागणीवरून कोल्चा नावाची भरतकामाची भव्य पांघरुणे तयार होत आणि जहाजांनी लिस्बनला जात. सुती कापडावर पिवळ्या तसर रेशमाचे भरत, शिकारीचे देखावे, बायबलातल्या आणि ग्रीक कथांतल्या आकृत्या. कारागिरी अशी की आज कोणी करून दाखवावी. त्या हातांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण ज्या कथा त्यांच्या नव्हत्या, ज्या घरांत ते काम जायचे ती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती, त्या कामात त्यांचे स्वतःचे किती होते हे सांगायला कोणी उरलेले नाही.

इथे मजुरीचा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडे गोधड्या, वाकळा शिवून देणाऱ्या बायका दारोदार फिरत आल्या आहेत. त्यांत भटक्या समाजांतल्या पुष्कळ. कापड घरमालकिणीचे, रंगांची मांडणी बहुधा तिच्या सांगण्याने, आणि दिवसच्या दिवस उकिडवे बसून केलेल्या कामाचे पैसे जेमतेम. या बाईला माझा युक्तिवाद लावायचा नाही. तिला गोधडीतून मिळायला हवी ती मजुरी, आणि आज मिळते तिच्याहून चांगली मजुरी. समाधानाची भाषा मजुरी कमी देण्यासाठी वापरली जाते तेव्हा तिच्याइतकी अश्लील भाषा दुसरी नाही. ‘हाताने, प्रेमाने शिवलेली’ अशी चिठ्ठी लावून शहरातल्या दुकानांत गोधड्या विकल्या जातात, तेव्हा त्या चिठ्ठीवर शिवणारीला किती पैसे मिळाले हेही छापावे. मात्र विक्रीने अर्थ नाहीसा होतोच असेही नाही. सिद्दी बायका कवंदी विकतात आणि मांडणी त्यांचीच असते, कोपऱ्यांतली फुलेही लागतात. पैसे कोण देते यापेक्षा तुकडा कुठे लागणार हे कोण ठरवते, तिथे माझी रेघ पडते.

दुसरा आक्षेप आजच्या हौशी शिवणाऱ्यांवर आहे आणि तो ऐकायला मजेचा वाटला तरी बिनतोड आहे. ही मंडळी नवे कोरे कापड विकत आणतात, त्याचे तुकडे करतात आणि पुन्हा ते जोडतात. होणारे पांघरूण बाजारातल्या दुलईपेक्षा महाग पडते. मग गरजही नाही, बचतही नाही, आडोसा कसला? पण आडोशाची गरज अजून संपलेली नाही, फक्त तो कोणापासून घ्यायचा ते बदलले आहे. पूर्वी सासूच्या नजरेपासून, आता स्वतःच्याच मनातल्या त्या हिशेबनिसापासून, जो प्रत्येक तासाचे उत्पन्न विचारतो. ‘नातवासाठी करते आहे’ म्हटले की तो गप्प होतो. ग्लासगोतल्या एका क्विल्टिंग गटातल्या बायकांच्या मुलाखती बर्ट आणि ॲटकिन्सन या संशोधकांनी घेतल्या, त्याचा अहवाल २०१२ मध्ये छापला गेला. २९ जणींचा तो अभ्यास आहे, त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण त्या बायकांनी केवळ शांत वाटते एवढे सांगितलेले नाही. काम अवघड आहे, डोके चालवावे लागते, नवे जमले की आत्मविश्वास येतो, हिवाळ्याच्या करड्या दिवसांत रंग हाताळून बरे वाटते, गटात कोणी वाखाणले की हुरूप येतो, असे त्या सांगतात. आजकाल हाताच्या प्रत्येक कामाला ध्यानधारणेचे लेबल लावण्याची लाट आहे. गोधडी ही मन रिकामे करण्याची युक्ती आहे असे जे सांगतात त्यांनी एकदा सात थरांतून सुई काढून पाहावी. मन रिकामे होत नाही. ते पुढच्या तुकड्याच्या विचाराने भरलेले असते, आणि त्यामुळे बाकीच्या काळज्यांना बसायला जागा राहत नाही. शांतता येते ती अशी मागच्या दाराने.

माझ्या म्हणण्याला सगळ्यांत अवघड जाणारी गोष्ट १९८७ ची आहे. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोतल्या क्लीव्ह जोन्स यांनी एक गोधडी सुरू केली. प्रत्येक मृतासाठी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब तुकडा, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला ती वॉशिंग्टनच्या मोकळ्या मैदानावर अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. पुढे ही संख्या सुमारे पन्नास हजारांवर गेली. ही गोधडी कोणी कधी पांघरणार नाही. उपयोग शून्य. मग उपयोगाच्या आडोशाचे काय? मला वाटते इथे आडोसा रूपाने शिल्लक आहे. ज्या मृतांना हात लावायला पुष्कळ ठिकाणी अंत्यविधी करणारेही तयार नव्हते, त्यांच्यासाठी दगडी स्मारक मागितले असते तर वाद झाला असता. आईने, मित्राने, जोडीदाराने पांघरूण शिवायला बसण्यात वाद घालण्यासारखे काय होते? आणि प्रत्येक तुकड्यावर काय यावे, टोपी की पत्र की जीन्सचा खिसा, हे त्या-त्या शिवणाऱ्याने ठरवले. मजकूर ठरवणारी समिती नव्हती. इतक्या मोठ्या सार्वजनिक स्मारकात इतके खाजगी निर्णय एरवी सापडत नाहीत.

राहता राहिला एक व्यवहारी प्रश्न, जो पुढची पाने उलटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी भेटेल. जुनी गोधडी सुती लुगड्यांवर आणि धोतरांवर उभी होती. पन्नास-शंभर धुण्यांनी मऊ झालेले सूत घाम शोषते, एकमेकांना धरून राहते, सुईला वाट देते. आजच्या कपाटात पॉलिएस्टर आणि जॉर्जेट जास्त. हे कापड घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, टाक्याशी चुण्या पडतात. त्यामुळे गोधडीचे दिवस संपले असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. घरोघरी अजूनही सुती चादरी विरतात, ओढण्या, कुर्ते, लहान मुलांचे टी-शर्ट, गाद्यांच्या खोळी निघतात. टी-शर्टचे विणलेले कापड ताणते, म्हणून त्याच्या मागे पातळ सुती अस्तर लावून मग तुकडा जोडावा, याची कृती पुस्तकात आहे. पॉलिएस्टरची साडी फारच आवडीची असेल तर ती मधल्या थरांत घालू नये, वरच्या बाजूला रुंद पट्टी म्हणून लावावी आणि तिच्या दोन्ही कडांना ओळी दाट घालाव्यात. कापड उसवण्याआधी एकदा धुऊन घ्यावे, म्हणजे रंग जाणारे तुकडे आधीच बाजूला पडतात. पहिल्या खेपेला मोठ्या गोधडीच्या वाटेला जाऊ नये. दुपट्याएवढ्या मापात वीस हजार टाक्यांचा प्रश्न येत नाही, आणि तुकडा कुठे लावायचा हे मात्र तितकेच स्वतःच ठरवावे लागते. नमुन्यांची चित्रे शेवटच्या प्रकरणात आहेत. ती तिथेच ठेवली आहेत, म्हणजे तिथवर पोचेपर्यंत वाचकाची एखादी गोधडी चित्र न पाहताच झालेली असेल.